एअर रायफलसाठी स्कोप घेताना : नागपुरातल्या नवशिक्यांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून ओळखीच्या घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो : "पोरगा रायफल घेऊन द्या म्हणतो, स्कोप कोणता घ्यायचा?" त्यावर मी आधी एवढंच सांगतो की स्वप्नीलच्या रायफलवर स्कोप नव्हता. २००८ साली बीजिंगला १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या रायफलवरही नव्हता. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेल्या आपल्या तेजस्विनी सावंतनंही दुर्बिणीशिवायच नेम धरला होता. या स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही. डोळ्यापाशी बारीक भोकाची चकती, नळीच्या टोकाला एक कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध निशाणाचं काळं वर्तुळ बसवायचं. याला पीप साइट म्हणतात.

म्हणून रायफलच्या आधी, स्कोपच्या आधी, एक गोष्ट घरात बसून ठरवा.

स्पर्धा की हौस?

मुलाला किंवा मुलीला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा वाटेनं जायचं असेल तर स्कोपवर एक रुपयाही घालू नका. एखाद्या रेंजवर नाव घाला, क्लबची रायफल वापरू द्या, प्रशिक्षक सांगतील तेव्हा पीप साइटची रायफल बघा. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो टिपायला लागतं ते शरीर स्थिर ठेवणं, श्वास आणि ट्रिगरवरचं बोट. स्कोपची सवय लागलेला मुलगा पीप साइटवर आला की सुरुवातीला अवघडतो, कारण स्कोपमध्ये निशाण मोठं दिसतं आणि त्याबरोबर हाताचं थरथरणंही मोठं दिसतं. ते बघत बसण्याची खोड मोडायला वेळ जातो.

आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बीण चालते ती रनिंग टार्गेट या प्रकारात, म्हणजे १० मीटरवर सरकत्या निशाणावर. तिथेही मोठेपणा ४ पटींपर्यंतच. हा प्रकार २००४ नंतर ऑलिम्पिकमधून गेला.

मग स्कोप कोणासाठी? ज्यांना स्वतःच्या जागेत, सुरक्षित आडोसा करून, १५ ते ५० मीटरवर कागदी निशाणं किंवा रिकामे डबे टिपायचे आहेत त्यांच्यासाठी. ज्यांना जवळचं धूसर दिसू लागल्यामुळे रायफलवरच्या उघड्या साइट (भिंगाशिवाय नेम धरायची खाच आणि टोक) जमत नाहीत, त्यांच्यासाठीही. पुढचं सगळं या मंडळींकरता आहे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरपर्यंतची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२, ही त्यात बसत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगानं निघाला तर ऊर्जा १० ज्यूल भरते, यावरून अंदाज बांधा. ओळखपत्राची प्रत द्या, पक्कं बिल घ्या, आणि रायफल नेताना कव्हरमध्ये बंद करून न्या.

काटोल, कळमेश्वर, नरखेडकडे संत्र्याची बाग असलेले बरेच जण माकडं, रोही (नीलगाई) आणि रानडुकरं यांच्या त्रासामुळे रायफल-स्कोपची चौकशी करतात. त्यांचं नुकसान खरं आहे, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, आणि ४.५ च्या छर्‍यानं एवढं जनावर मरत नाही, जखमी होऊन आठवडाभर झिजतं. नुकसानभरपाईचा अर्ज वनविभागाकडे करा. पाखरांवरही नेम धरायचा नाही. या कामासाठी कोणी स्कोप विचारला तर मी मदत करत नाही.

तुमची रायफल कोणत्या जातीची आहे?

स्कोपच्या निवडीत सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं तेही याबद्दलच.

नवशिक्यांकडे बहुतेक स्प्रिंगची रायफल असते, नळी मोडून भरायची. ट्रिगर दाबला की आतली ताणलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, आणि रायफल मागे येते. हा पहिला झटका. मग पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा रायफल उलट पुढे उडी घेते. हा दुसरा झटका, पहिल्याहून तीक्ष्ण. दोन्ही मिळून डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. बंदुकीचा स्कोप मागे येणारा धक्का सोसायला बनवलेला असतो. पुढच्या दिशेनं बसणारा हा दुसरा दणका त्याच्या हिशोबात नसतो. म्हणूनच मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोप लहानशा स्प्रिंगच्या रायफलवर मोडू शकतो. आतली भिंगं सैल होतात, नाहीतर नेमाच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी, म्हणजे क्रॉसहेअरच, फिरतं.

माझ्या भाच्याच्या रायफलसोबत डब्यातच ४×२० चा एक बारका स्कोप आला होता. काही आठवड्यांनी त्यातून बघितलं तर अधिकचं चिन्ह हळूहळू गुणिलेच्या चिन्हाकडे झुकलं होतं. बाहेरची नळी जागच्या जागी, स्कोप धरणाऱ्या रिंगा घट्ट, आणि आतली जाळी मात्र कललेली. हलवून कानाशी धरला तर आत काहीतरी खुळखुळत होतं. असा स्कोप दुरुस्त होत नाही. रायफलबरोबर फुकट मिळालेल्या स्कोपकडून फार अपेक्षा ठेवू नका, आणि तो मिळतो म्हणून रायफल तर मुळीच निवडू नका.

गॅस रॅमच्या रायफलमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू असतो. झटक्याची जात तीच, स्कोपसाठी काळजीही तीच. पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या टाकीची रायफल, जवळजवळ हलतच नाही. तिच्यावर कुठलाही धड स्कोप चालतो.

तेव्हा स्प्रिंग किंवा गॅस रॅम असेल तर पहिली अट : स्कोपच्या माहितीपत्रकात तो स्प्रिंग एअर रायफलसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं "शॉकप्रूफ" पुरत नाही, "रिमफायर" (दारूच्या काडतुसाची हलकी .२२ बंदूक) तर नाहीच. .२२ रिमफायरचा धक्का इतका मऊ असतो की तिच्या स्कोपला असली परीक्षा कधी द्यावीच लागत नाही.

४×३२, ३-९×४० : आकड्यांत काय वाचायचं

गुणिलेच्या आधीचा आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल. नंतरचा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४×३२ ला ८ मिलिमीटर, ३-९×४० ला ९ पटींवर साधारण साडेचार. उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दोन्ही स्कोप दिवसा स्वच्छ दिसतात. झोत जाड असला तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं होत नाही, हा नवशिक्याला मोठा आधार.

२५ मीटरपर्यंतच खेळणार असाल तर ४ पट भरपूर. ५० मीटरपर्यंत जायचं असेल तर ३-९ घ्या आणि बहुतेक वेळा ५-६ वर ठेवा. १६ पट, २४ पट याच्या नादी लागू नका. पट वाढली की दिसणारा परिसर आक्रसतो, निशाण सापडायलाच वेळ लागतो, उजेड घटतो, आणि मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी झळ पडद्यासारखी हलताना दिसते. ५० मिलिमीटरचं भिंग, लाल-हिरवा दिवा लागणारी जाळी, हेही सोडून द्या. वाचलेले पैसे माउंटवर (स्कोप रायफलला धरून ठेवणारी बैठक) आणि पुढच्या मुद्द्यावर घाला.

पॅरलॅक्स : दुकानातच तपासा

स्कोपमध्ये निशाणाचं चित्र आणि क्रॉसहेअर एकाच पातळीवर जुळतात ते ठरावीक अंतरावरच. बंदुकीच्या स्कोपला कारखान्यात हे अंतर बहुधा १०० यार्डांवर बांधलेलं असतं, एअर रायफलच्या स्कोपला २५ ते ३५ यार्डांच्या आसपास. १०० यार्डांवर बांधलेला ४० मिलिमीटरचा स्कोप घेऊन १० मीटरवर नेम धरला, आणि डोळा मधोमध नसून कडेला असला, तर छर्रा सेंटिमीटरभराहून जास्त चुकू शकतो. रायफल चांगली, छर्रे चांगले, हात स्थिर, आणि तरी निशाणावर छिद्रं विखुरलेली. माणूस वैतागून रायफल विकायला काढतो.

तपासणी सोपी आहे. स्कोप रायफलवर न लावता, सुटाच काउंटरवर दोन डब्यांच्या खाचेत किंवा घडी घातलेल्या रुमालावर टेकवा. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचं एखादं अक्षर धरा, समजा "मा" चा काना, आणि क्रॉसहेअर त्यावर येईल असा स्कोप सरकवा. आता हात काढून घ्या. डोकं जरा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हलवा. क्रॉसहेअर काना सोडून शेजारच्या अक्षरावर घसरत असेल तर त्या अंतरावर पॅरलॅक्स आहे. चिकटल्यासारखं जागेवरच राहिलं तर नाही. बर्डीसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर मधून रिक्षा, माणसं जात राहतात, थोडा धीर धरा. दुकानदार तपासू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

अंतर जुळवता येणारा स्कोप मिळत असेल तर तोच घ्या. काहींना पुढच्या भिंगाभोवती फिरणारं कडं असतं, त्याला एओ म्हणतात, काहींना डाव्या बाजूला चाक असतं. त्यावरचा सगळ्यात लहान आकडा १० यार्ड किंवा त्याहून कमी हवा. ५० पासून सुरू होणारं कडं आपल्या कामाचं नाही. कड्यावरच्या आकड्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. चित्र सगळ्यात धारदार दिसेल तिथे थांबा आणि डोकं हलवून खात्री करा. जास्त पटींच्या स्कोपमध्ये जानेवारीच्या थंडीत केलेली खूण मेच्या उन्हात जरा सरकलेली आढळते.

चष्मा असेल तर तो लावूनच तपासा. डोळ्याकडच्या टोकाचं कडं फिरवून आधी क्रॉसहेअर धारदार करायचं असतं. कोऱ्या भिंतीकडे स्कोप धरा, दोन सेकंद बघा, नजर बाजूला न्या, परत बघा. पहिल्याच क्षणी रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. सूर्याच्या दिशेनं चुकूनही बघू नका, डोळा कायमचा जाईल.

जाळी

साधी, कडेला जाड आणि मध्ये बारीक रेषांची डुप्लेक्स जाळी नवशिक्याला पुरते. मिल-डॉट (रेषांवर सारख्या अंतरावर ठिपके असलेली) घेतली तर २० मीटरवर दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर २ सेंटिमीटर धरता येतं, पण बहुतेक स्वस्त स्कोपमध्ये हे गणित एकाच पटीवर बरोबर येतं. ती पट माहितीपत्रकात बघून ठेवा.

माउंट : इथे काटकसर नको

आधी रायफलच्या पाठीवरची खाच बघा. एअर रायफलला बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल असते. वीव्हर किंवा पिकॅटिनी पट्टी त्याहून बरीच रुंद, २१ मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींची माउंट वेगवेगळी, एकाची दुसऱ्यावर बसत नाही. स्कोपची नळी १ इंची आहे की ३० मिलिमीटरची, त्याप्रमाणे रिंगा घ्या.

स्प्रिंगच्या रायफलवर प्रत्येक गोळीगणिक स्कोप केसभर सरकत जातो. म्हणून एकसंध माउंट घ्या, ज्याच्या पोटात खाली उतरणारी अडवणारी पिन असेल. रायफलच्या पाठीवर त्या पिनेसाठी भोक असतं, ती त्यात बसलीच पाहिजे. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉपर लावा.

उंची ठरवताना नळी पूर्ण मोडून बघा, स्कोपच्या पुढच्या टोकाला ती घासता कामा नये, आणि छर्रा घालायला बोटांना जागा हवी. एवढं साधलं की जितकं खाली बसेल तितकं चांगलं. गाल दस्त्याला टेकून डोळा आपोआप भिंगासमोर यायला हवा. मान ताणावी लागत असेल तर दोन दिवसांत कंटाळा येतो.

नळी मोडणाऱ्या काही रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. स्कोपवरचं नेम जुळवायचं बटण, म्हणजे टरेट, वरच्या टोकापर्यंत फिरवूनही छर्रे खालीच लागत असतील तर कारण हेच. त्यासाठी मागून उंच असलेलं माउंट मिळतं. टरेट शेवटच्या टोकाशी नेऊन काम भागवू नका, तिथे आतली स्प्रिंग ढिली पडते आणि नेम भटकतो.

बसवणं आणि झिरो करणं

रायफल रिकामी आहे हे आधी बघा. रिंगा सैल ठेवून स्कोप पुढेमागे करा, पूर्ण गोल चित्र दिसेल तिथे थांबवा. डोळा आणि भिंग यांच्यात साधारण ३ इंच अंतर राहील. समोर ओळंबा टांगा, रायफल सरळ धरा आणि उभी रेषा त्या दोरीशी जुळवा. मग स्क्रू समोरासमोरचे, आलटूनपालटून, थोडेथोडे आवळा. ॲलन कीच्या आखूड बाजूला दोन बोटांनी जोर लावा, त्याहून जास्त नको, स्कोपची नळी चेपते.

जागा निवडताना आधी निशाणाच्या मागचं बघा. छर्रा शे-दोनशे मीटर सहज जातो. अपार्टमेंटची गच्ची त्यासाठी नाही. जाड लाकडी खोक्यात जुने कपडे आणि वर्तमानपत्रं ठासून भरा, मागे मातीचा ढीग किंवा भिंत असू द्या. दगड, लोखंड, विटेचा उघडा भाग समोर नको, छर्रा उलटून येतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला. स्कोपमधून माणूस, गाय, पक्षी न्याहाळायची सवय लावून घेऊ नका, कारण डोळा जिकडे जातो तिकडेच नळीही जाते. बघायचंच असेल तर वेगळी दुर्बीण घ्या. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर साबणानं हात धुवा.

झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर क्रॉसहेअर जिथे, तिथेच छर्रा लागेल असं जुळवणं. सुरुवात १० मीटरवर करा, कागदावर तरी लागतंय ना एवढं बघायला. मग २० मीटरवर या. एकाच डब्यातले छर्रे घ्या. पाच मारा, प्रत्येक वेळी नेम त्याच बिंदूवर, आणि मधल्या मधे टरेटला हात लावू नका. पाचही छिद्रांचा मध्य काढा. बहुतेक स्कोपचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग), २० मीटरवर जवळपास दीड मिलिमीटर. मध्य ३ सेंटिमीटर खाली असेल तर वरच्या बाजूला २० क्लिक. पुन्हा पाच मारा. एका छर्‍यावरून दुरुस्ती करत बसलात तर दिवस जाईल आणि डबाही संपेल.

स्प्रिंगची रायफल टेबलावर किंवा विटेवर थेट टेकवू नका, ती उडी मारते आणि छिद्रांचा झुबका, म्हणजे ग्रुप, सरकतो. पुढचा हात उशीवर ठेवा, तळव्यावर रायफल हलकेच विसावू द्या, मागचा हातही सैल ठेवा. आवळून धरलेली स्प्रिंग रायफल कधीच एकसारखं मारत नाही.

स्कोप नळीच्या साधारण ४ सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे २० मीटरवर झिरो केलेली, सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाची रायफल ५ मीटरवर सुमारे २ सेंटिमीटर खाली मारते, १० वर अर्धा सेंटिमीटर खाली, आणि ३० वर पुन्हा ३ सेंटिमीटरच्या आसपास खाली. तुमच्या रायफलचे आकडे थोडे वेगळे येतील. दर ५ मीटरला एक कागद मारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कव्हरच्या खिशात ठेवा.

नागपूरच्या हवेत जपणूक

पारा ४५ च्या वर असताना बंद गाडीत स्कोप ठेवू नका, भिंगांचा लेप आणि आतली सीलं दोन्ही खराब होतात. त्याहून छुपा शत्रू म्हणजे आपला कूलर. खसच्या ताट्यांची ओली हवा दिवसभर खोलीत फिरते, आणि त्याच खोलीत कपाटावर पडलेल्या भिंगांवर पावसाळा संपेपर्यंत बुरशीची जाळी धरते. नायट्रोजन भरलेला स्कोप आतून वाचतो, बाहेरून नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून तो कूलरपासून दूरच्या खोलीत ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. भिंग पुसण्याआधी फुंकणीनं धूळ उडवा, मगच मऊ कापड लावा. शर्टाच्या टोकानं पुसू नका.

दिवाळीनंतर थंडी पडली की आणि पुन्हा एप्रिलमध्ये, माउंटचे स्क्रू तपासा आणि पाच छर्रे मारून झिरो बघून घ्या. छिद्रं जागेवर असतील तर टरेटला हात लावू नका.